पाणी फिरायच्या आधी: यी सुन-शिनच्या मालिकेतल्या आरमारी लढाया आणि त्या बघणारी माणसं

कोरियाच्या केबीएस वाहिनीवर ४ सप्टेंबर २००४ ते २८ ऑगस्ट २००५ या काळात शनिवार-रविवारी रात्री एक ऐतिहासिक मालिका चालली. 'अमर सेनापती यी सुन-शिन' असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. एकूण भाग १०४. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानच्या हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली, दीड लाखाहून जास्त फौज उतरवली, तीन आठवड्यांत राजधानी घेतली, आणि या सगळ्या पडझडीत एकच आघाडी सतत जिंकत राहिली ती समुद्रावरची. त्या आघाडीचा सेनापती यी सुन-शिन. कोरियात हे नाव शाळकरी मुलापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात त्याचा उभा पुतळा आहे आणि शंभर वॉनच्या नाण्यावर त्याचा चेहरा आहे.

अशा माणसावर मालिका काढायची म्हणजे प्रत्येक प्रेक्षक आधीच परीक्षक. या मालिकेतल्या आरमारी लढायांवर प्रेक्षक कसे बोलले, कुठे हुरळले, कुठे बिनसलं आणि का बिनसलं, हे एक प्रकरण म्हणून मला सविस्तर मांडायचं आहे. कोरियातल्या प्रतिक्रिया आहेतच. त्यांच्या जोडीला रेवदंड्याच्या आमच्या नानाकाकांच्या घरातल्या बैठकीही आहेत. नानाकाकांचं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून गेलं. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मी वाचून मराठीत सांगायचे आणि काका, काकू आणि त्यांचा नातू बघायचे. कोरियन माणसाला या गोष्टीचा शेवट जन्मापासून ठाऊक असतो. या तिघांना तो ठाऊक नव्हता, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं मला मोलाचं वाटतं.

सुरुवातीचे महिने मालिकेला जड गेले. पहिल्या भागातच शेवटची, नोर्यांगची लढाई दाखवून कथा मागे नेली होती. पण त्यानंतर बालपण, परीक्षा, दरबारातली कटकारस्थानं यांत बरेच भाग गेले. त्यात वॉन ग्युनचा वाद पेटला. वॉन ग्युन हा यीचा सहकारी सेनापती आणि प्रतिस्पर्धी. कोरियन जनमानसात तो जवळजवळ खलनायक. मालिकेने मात्र त्याला लहानपणापासून यीच्या सोबतीला आणून ठेवलं आणि शूर, दिलदार गडी म्हणून रंगवलं. ज्या कादंबऱ्यांवर मालिका बेतली होती त्यांतल्या एकीत तसा सूर होताच. प्रेक्षकांनी तो मान्य केला नाही. मुख्य भूमिकेतला किम म्युंग-मिन तेव्हा फार मोठा तारा नव्हता, त्याच्यावरही शंका घेतल्या गेल्या. वर्षाच्या शेवटी त्यालाच वाहिनीचा सर्वोच्च अभिनय पुरस्कार मिळाला.

मालिका युद्धापर्यंत आली आणि वारं बदललं. त्याच सुमारास, १६ मार्च २००५ ला, जपानच्या शिमाने प्रांताने दोक्दो बेटांवर (जपानी नाव ताकेशिमा) हक्क सांगणारा 'ताकेशिमा दिन' मंजूर केला आणि कोरियात संतापाची लाट उठली. रस्त्यावर निदर्शनं आणि घरात पडद्यावर जळणारी जपानी जहाजं, हे दोन्ही एकाच आठवड्यात. प्रेक्षकसंख्या वाढली. पण केवळ शेजाऱ्यावरच्या रागामुळे लोक शेवटपर्यंत टिकले, असं मला वाटत नाही. राग काही आठवडे पुरतो. पुढे महिनोन् महिने लोक बसले ते लढायांसाठी, आणि त्या लढायांवर ते बारकाईने भांडले.

भांडण कशावरून, हे कळण्यापुरतं जहाजांबद्दल सांगायला हवं. कोरियन युद्धनौका पानोकसॉन. जाड पाइनच्या लाकडाची, उंच, दोन मजली, तळ सपाट. खालच्या मजल्यावर वल्हेकरी, वर सैनिक आणि तोफा. ती पहिल्यांदा पडद्यावर वळली तेव्हा नानाकाका पुढे सरकून बसले. "तळ सपाट आहे बघ. ही जागच्या जागी फिरेल," म्हणाले. मी काही सांगण्याआधीच. बरोबर हेच तिचं बळ होतं: एका बाजूच्या तोफा उडवायच्या, जहाज वल्ह्यांवर फिरवायचं, दुसऱ्या बाजूच्या उडवायच्या. जपानी जहाजांचा तळ निमुळता होता. ती वेगात सरस, पण वळायला त्यांना मोठा फेर लागायचा. आणि त्यांचं युद्धतंत्र वेगळंच होतं: बंदुकांचा मारा करत जवळ यायचं, शत्रूच्या जहाजाला भिडायचं आणि तलवारी घेऊन चढायचं. यीचं सगळं डोकं याच एका गोष्टीवर चाललं की त्यांना चढू द्यायचं नाही. लांब राहायचं आणि तोफांनी काम करायचं.

इथेच मालिकेवरचा पहिला मोठा आक्षेप येतो. कोरियन ऐतिहासिक मालिकांत गोळा जहाजावर आदळला की आगीचा लोळ उठतो आणि माणसं हवेत उडतात. याही मालिकेत तेच होतं. जाणकार प्रेक्षक त्यावर चिडतात, कारण जहाजांवरच्या त्या तोफांतून दगडी किंवा लोखंडी भरीव गोळे जायचे, मूठभर बारीक गोळ्या जायच्या, आणि ओंडक्याएवढे लोखंडी टोकाचे बाण जायचे. ते लाकूड फोडायचे. स्फोट व्हायचा नाही. फुटणारा गोळा त्या काळी कोरियात होता, पण तो उखळी तोफेतून सोडायचा आणि मुख्यतः जमिनीवरच्या वेढ्यात वापरलेला. हा आक्षेप आमच्याकडे नातवाने घेतला. किल्ल्यावर गंजलेले गोळे त्याने हातात धरून पाहिले आहेत. "आतून भरीव असतो तो. फुटेल कसा?" त्याच्या या प्रश्नाला मालिकेकडे उत्तर नाही.

काही लोक म्हणतात, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मला हे पटत नाही. भरीव गोळ्याने जहाज फुटायला वेळ लागतो, एकाच जागी पुन्हा पुन्हा मारावं लागतं, म्हणून नेम लागतो, म्हणून अंतर राखावं लागतं, म्हणून जहाज फिरवणारे वल्हेकरी महत्त्वाचे ठरतात. एका गोळ्यात जहाज उडालं की ही सगळी साखळी पडद्यावरून नाहीशी होते आणि उरतो फक्त धूर. घामाघूम झालेला वल्हेकरी मग नुसता शोभेला राहतो.

याहून गंभीर तक्रार डेकवरच्या तलवारींची. मालिकांना आणि चित्रपटांनाही सेनापतीच्या हातात तलवार द्यायचा मोह आवरत नाही. पण यीच्या डेकवर हातघाईची लढाई सुरू झाली, तर त्याची योजना फसली असा त्याचा अर्थ. मालिकेतला नायक डेकवर उभा राहून हुकूम देतो ते प्रसंग जास्त ताणाचे आहेत, आणि आमच्या घरात सगळ्यांनी श्वास धरला तो अशाच प्रसंगांत.

हान्सानची लढाई घ्या. १५९२ चा सातवा चांद्रमास, आठवा दिवस. जपानी सरदार वाकिझाका यासुहारूची ७३ जहाजं ग्योन्नेर्यांगच्या चिंचोळ्या खाडीत होती. यीने दरबाराला पाठवलेल्या अहवालात कारणं स्वच्छ लिहिली आहेत: खाडी अरुंद, पाण्याखाली खडक, मोठी पानोकसॉन एकमेकांवर आपटतील, शिवाय शत्रू कोंडीत सापडला तर किनाऱ्यावर चढून पळेल. म्हणून पाच-सहा जहाजं पुढे पाठवून हूल द्यायची, मागे पळायचं, शत्रूला हान्सान बेटासमोरच्या मोकळ्या पाण्यात ओढायचं आणि तिथे क्रौंच पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखा व्यूह उलगडून तिन्ही बाजूंनी मारा करायचा. ४७ जहाजं बुडाली किंवा जळाली, १२ हाती लागली, १४ निसटली.

हा व्यूह वरून दाखवला की डोळे दिपतात, आणि कोरियात या दृश्यावर लोक खूश झाले ते योग्यच. पण नानाकाकांचा जीव अडकला तो त्याआधीच्या पळण्यात. हूल देणारी जहाजं मागे फिरतात, जपानी जहाजं त्यांच्या शेपटीला लागतात, अंतर कमी होत जातं. "एवढी माणसं एकदम वल्हं उलटं मारणार म्हणजे सराव किती केला असेल," ते म्हणाले. मोठ्या व्यूहापेक्षा त्यांना ती पाच-सहा जहाजं मोठी वाटली. मलाही आता तसंच वाटतं. पळण्याचं सोंग करणाऱ्यांनी दोन हात जास्त वेगाने वल्हवलं असतं, तर शत्रू खाडीतच थांबला असता. कमी वेगाने वल्हवलं असतं, तर ते मेले असते.

निसटलेल्या शत्रूंची गोष्टही यीने लपवली नाही. सुमारे चारशे जपानी सैनिक पोहत हान्सान बेटावर चढले. तिथे अन्न नव्हतं, ते आपसूक हाती आले असते. त्यांच्यावर नजर ठेवायचं काम वॉन ग्युनच्या जहाजांकडे होतं. शत्रूचं मोठं आरमार येतंय या ऐकीव बातमीवर ती निघून गेली आणि ते लोक ओंडक्यांचे तराफे करून पळाले. वॉन ग्युनला दिलदार दाखवणाऱ्या भागांवर कोरियन प्रेक्षक का भडकले, ते अशा नोंदी वाचल्या की कळतं. त्यांनी हे शाळेत असल्यापासून वाचलेलं असतं.

मग १५९७. यीला खोट्या आरोपांवरून कैद झाली, पद गेलं, सुटकेनंतर आईला भेटायच्या वाटेवर असतानाच तिच्या मृत्यूची बातमी आली. आरमार वॉन ग्युनकडे गेलं आणि चिलचॉल्यांगच्या सामुद्रधुनीत एका रात्रीत जवळजवळ सगळं संपलं. हे भाग कोरियन प्रेक्षकांना बघवत नाहीत. काकूंची प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. वॉन ग्युन स्वारीला जायला तयार नव्हता, तेव्हा त्याचा वरिष्ठ ग्वॉन युल याने त्याला फटक्यांची शिक्षा दिली होती, हे मी त्यांना सांगितलं. काकू एकदम म्हणाल्या, "आरमाराच्या मुख्याला फटके मारून समुद्रावर पाठवलं? मग त्याचं कोण ऐकणार होतं?" एका वाक्यात त्यांनी वॉन ग्युनवरून बोट काढून दरबारावर ठेवलं. मालिकेने वॉन ग्युनला मोठा करण्यासाठी बालपणाचे इतके प्रसंग रचले, त्याऐवजी या एका अपमानावर थोडं जास्त थांबली असती तर तो अधिक समजला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या नाशातून बे सॉल हा अधिकारी १२ जहाजं घेऊन निसटला होता. यीला पुन्हा नेमलं गेलं तेव्हा त्याच्याकडे तेवढीच होती, नंतर एक वाढलं. राजाने आरमार मोडून जमिनीवरच्या फौजेत ये असं सुचवलं, तेव्हा यीने लिहिलेलं उत्तर कोरियात प्रत्येकाला पाठ आहे: तुमच्या सेवकाकडे अजून बारा जहाजं आहेत. आणि मग आली म्योंगन्यांगची लढाई. प्रेक्षक ज्या भागांची वर्षभर वाट बघत होते ते हे.

जिंदो बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली उल्दोलमोक ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३०० मीटर. प्रवाह दहा नॉटच्या घरात जातो. भरती-ओहोटीबरोबर तो उलटसुलट वाहतो. मालिकेत समुद्र उसळतो, पाणी गर्जतं, पण पाणी कुठून कुठे चाललंय ते नीट कळत नाही. नानाकाका अस्वस्थ झाले. "तारीख काय?" त्यांनी विचारलं. मी यीच्या रोजनिशीतली तारीख सांगितली: नवव्या महिन्याचा सोळावा दिवस. कोरियन चांद्रमास आपल्या पंचांगासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. काकांनी बोटावर मोजलं. "म्हणजे पुनवेचा दुसरा दिवस. उधाण."

मी या लढाईवर बरंच वाचलं होतं, पण तिथी धरून विचार केला नव्हता. मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतं, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. महिन्यातल्या सर्वांत जोरदार पाण्याच्या दिवशी ती लढाई झाली. मग आम्ही मागे जाऊन बघितलं. हान्सान शुद्ध अष्टमीला, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी मवाळ असताना, आणि व्यूह उलगडायला तसंच पाणी बरं. साचॉनची लढाई महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी, अमावास्येच्या तोंडावर. तिथल्या अहवालात यी लिहितो की ओहोटी लागली होती, मोठी जहाजं किनाऱ्याजवळ जाईनात, म्हणून माघारीचं सोंग केलं आणि संध्याकाळी पाणी चढल्यावर हल्ला केला. कासवाच्या पाठीसारखं छप्पर असलेलं जहाज याच लढाईत पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि यीच्या डाव्या खांद्याला गोळीही इथेच लागली. लढायांच्या तिथी शत्रूच्या हालचालींवरही अवलंबून होत्या, सगळं यीने ठरवलं असं नाही. पण पाणी बघून तो लढत होता हे त्याच्याच शब्दांत आहे.

म्योंगन्यांगच्या भागांवर कोरियात नेहमी दोन प्रश्न निघतात. कासव-जहाज कुठे आहे? ते नव्हतं, त्या लढाईच्या नोंदींत त्याचा उल्लेख नाही, यीकडे होती ती पानोकसॉन. आणि खाडीच्या तोंडावर पाण्याखाली लोखंडी साखळी ताणून शत्रूची जहाजं अडवली, ती गोष्ट खरी का? रोजनिशीत साखळी नाही. ती नंतरच्या लिखाणात येते. लोकांना साखळी आवडते कारण १३ जहाजांनी १३० च्या वर जहाजं अडवली हे डोक्यात मावत नाही, काहीतरी युक्ती हवी असते.

पण रोजनिशीत साखळीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. आदल्या दिवशी यीने आपलं आरमार सामुद्रधुनीच्या पलीकडे हलवलं आणि कारण लिहिलं: थोड्या जहाजांनी म्योंगन्यांग, म्हणजे हीच उल्दोलमोकची सामुद्रधुनी, पाठीशी घेऊन उभं राहता येत नाही. त्याच दिवशी अधिकाऱ्यांना बजावलं की मरायला तयार असलेला जगेल, जगायला धडपडणारा मरेल. आणि दुसऱ्या दिवशी, शत्रू दिसताच, तेच अधिकारी मागे सरकले. यीचं जहाज एकटं पुढे, बाकीची दूर. तो लिहितो की मागे जाऊन आपला अधिकारी किम उंग-हाम याचं डोकं उडवावं असं मनात आलं, पण आपलं जहाज वळलं तर बाकीची आणखी पांगतील आणि शत्रू अंगावर येईल. म्हणून वळला नाही. निशाण उभारून त्यांना बोलावलं. पहिल्यांदा आन वी हा अधिकारी आला. यी जहाजाच्या कडेला उभा राहून त्याला ओरडला: आन वी, लष्करी कायद्याने मरायचंय का? पळून कुठे जगणार आहेस?

काकूंना हा प्रसंग चालू असताना खालच्या ओळी वाचून दाखवाव्याच लागल्या नाहीत. "बाकीची जहाजं पुढे का येत नाहीत?" त्या दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा स्वतःच उत्तर दिलं: "घाबरलेत. त्यांची काय चूक." दोन महिन्यांपूर्वी याच माणसांनी आपलं सगळं आरमार बुडताना पाहिलं होतं. ही भीती जो प्रेक्षक ओळखतो त्याला साखळी लागत नाही. आन वीच्या जहाजावर शत्रू मुंग्यांसारखे चढत होते असं यी लिहितो, आणि तो मदतीला गेला तेव्हा मात्र त्याने आपलं जहाज वळवलं. एकाच माणसाने सकाळी न वळण्याचा आणि नंतर वळण्याचा घेतलेला निर्णय, हे त्या दिवसाचं खरं नाट्य आहे. पुढे पाणी फिरलं, शत्रूची दाटीवाटी झालेली जहाजं एकमेकांवर गेली, ३१ जहाजं फुटली. रोजनिशीत शेवटी त्याने हे खरोखर दैवाचं देणं असं लिहिलं.

याच लढाईवर २०१४ मध्ये आलेल्या कोरियन चित्रपटाची एक प्रतिक्रिया इथे सांगायलाच हवी. त्यात बे सॉलला कटकारस्थानी दाखवून लढाईआधीच मारलं. प्रत्यक्षात तो लढाईपूर्वी पळाला आणि १५९९ मध्ये पकडून त्याला देहदंड झाला. त्याच्या वंशजांनी चित्रपटकर्त्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. चारशे वर्षांनंतरही एखाद्या घराण्याला हे जिव्हारी लागतं. मालिकेतल्या वॉन ग्युनवरून झालेल्या वादाकडे बघताना हे ध्यानात ठेवावं.

नोर्यांगची शेवटची लढाई रात्रीची. तिथे गोळी लागल्यावर "लढाई ऐन भरात आहे, माझ्या मरणाची वाच्यता करू नका" हे यीचे शब्द. तो मुद्दाम मरणाला सामोरा गेला का, यावर कोरियात जुना वाद आहे. मला त्या तर्कात रस नाही. काकांनाही नव्हता.

शेवटचा भाग संपल्यावर काकांनी विषय खांदेरीकडे नेला. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी बांधकाम सुरू केलं, मुंबईच्या इंग्रजांनी समुद्र अडवला, आणि लहान मराठी होड्या वल्ह्यांच्या जोरावर रात्री रसद पोचवत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागची हलायची नाहीत. ऑक्टोबरात महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या आरमाराने त्यांचं 'डव्ह' हे जहाज धरलं. हे कुणी पडद्यावर आणलं तर पहिला प्रसंग थळच्या किनाऱ्यावर, ओहोटी लागायच्या वेळेला सुरू व्हायला हवा, असा काकांचा आग्रह. नातवाला गोळे भरीव हवेत. काकू म्हणतात बेटावरच्या कामाचे प्रमुख मायनाक भंडारी यांच्या घरापासून सुरू करा, तो माणूस बेटावर गेला तेव्हा घरात काय चाललं होतं ते आधी दाखवा. काका ते ऐकायला तयार नाहीत.